पक्ष्यांनी सोडलेली जागा

१

सकाळी उठलं की बारकी आधी दादाची कूस बदलायची आणि मग आपले केस विंचरायची. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. अर्धांगाच्या झटक्यात त्याची डावी बाजू गेली, तेव्हापासून उरलेल्या उजव्या बाजूच्या जोरावर तो घर चालवत होता. म्हणजे पडल्या पडल्या तिला हाका मारत होता. बारकी आता पन्नाशीपलीकडची, गुडघे धरून जिना चढणारी जाडजूड बाई झाली होती. पण तिला बारकी म्हणणारा एक माणूस अजून घरात होता, म्हणून ती बारकीच राहिली होती.

दादाचं तोंड पुसून, पाठीला पावडर लावून, दुधात बुडवलेला पाव भरवून झाला की तो पुन्हा डोळे मिटायचा. ती ज्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, ते उघडायला अजून अवकाश असायचा. मधला तेवढा वेळ तिचा. तेवढ्यात ती बस पकडून शहराबाहेरच्या जलाशयावर जायची, बांधावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायची आणि चिखलात चरणारे पक्षी बघायची. तिला पक्ष्यांचं फार वेड होतं असं नाही. पण दिवसभरात तिच्यासमोर येणाऱ्या जिवांपैकी तेवढेच असे होते, ज्यांना तिच्याकडून काही नको होतं.

शेडमध्ये लिफ्टकाका तिच्याआधी येऊन बसलेले असायचे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. बायको गेलेली, मुलगा जहाजावर, घरात ते आणि सून. तिपाईवर बसवलेली एक जुनी जड दुर्बीण ते खांद्यावरून आणायचे आणि ती आली की तिच्यासमोर धरायचे.

"या ताई. आज फार गर्दी आहे, उभ्यानंच बघावं लागेल," असं ते रोज म्हणायचे. शेडमध्ये त्या दोघांशिवाय कधीच कुणी नसायचं.

थंडी सुरू झाली होती. पाणी मागं हटलं होतं आणि काठाचा चिखल उघडा पडला होता. दूरच्या उत्तरेकडून आलेले पाहुणे त्यावर उतरले होते. चावी दिल्यासारखे पळणारे इवलेसे टिलवे, लांब लाल पायांवर तोल सांभाळणारे शेकाटे, आणि चोच पार डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसणारे पाणटिवळे. एवढ्या लांबून येऊन हाडं वर आलेली असायची त्यांची. मान वर करायलाही फुरसत नसायची.

त्या गर्दीत त्या सकाळी बारकीला एक रिकामी जागा दिसली. एक माणूस हात पसरून उभा राहील एवढी. आजूबाजूला चोचीला चोच लागत होती आणि तेवढ्या तुकड्यात मात्र एकही पक्षी नव्हता.

२

तिनं पहिला संशय घेतला तो आपल्या डोळ्यांवर. धंदाच तो होता. प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो, तिथं काही दिसत नाही आणि मेंदू आजूबाजूचं रंगवून ती जागा भरून टाकतो, हे तिनं गिऱ्हाइकांना शंभरदा समजावलं होतं. तिनं एक डोळा झाकला, मग दुसरा. नजर डावीकडे नेली, उजवीकडे नेली. ठिपका डोळ्यात असता तर नजरेबरोबर सरकला असता. ती जागा चिखलातच राहिली.

तरी त्या दिवशी तिनं दुकानात बसणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मागं लागून यंत्रावर नजर तपासून घेतली. डोळे धडधाकट निघाले. "झोप कमी होतेय तुमची," डॉक्टर म्हणाले. हे कळायला यंत्र लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं काकांना दाखवलं. काकांनी दुर्बीण लावली आणि ती बोटभर डावीकडे, मग उजवीकडे फिरवली.

"काल कुठं होती म्हणालात?"

"त्या वाकड्या खुंटाजवळ."

"आज खुंट सोडून पुढं आलीय."

"तेल सांडलं असेल का काका? नाहीतर विजेची तार तुटून पडली असेल."

"तार चालत नाही ताई."

चिखलावर काहीच नव्हतं. खड्डा नाही, डाग नाही, सावली नाही. टिलव्यांचा एक घोळका पळत पळत यायचा, त्या जागेशी आला की दुभंगायचा आणि पलीकडे पुन्हा एक व्हायचा. वाहतं पाणी खांबाला वळसा घालतं, तसा. त्यात भीती नव्हती. भ्याले असते तर उडाले असते. एकानंही तिकडे मान वळवली नाही. खाता खाता, आपल्याच नादात, ते कुणाला तरी वाट देत होते, आणि आपण वाट देतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी गेल्यावर तिनं दादाला सांगितलं. पक्ष्यांची बातमी त्याला रोज लागायची, तीही शिव्या घालायला.

"काय म्हणतात तुझे काडीपाये?" त्यानं जड जिभेनं विचारलं.

तिनं जागेचं सांगितलं.

"बसमध्ये आजारी माणूस चढला की लोक असंच करतात," तो म्हणाला. "सरकतात. बघत नाहीत."

३

मग एके सकाळी त्या जागेत पक्षी दिसला.

एकटा पाणटिवळा. रात्रीतून आलेल्या नव्या थव्यातला असावा. छातीचं हाड दुर्बिणीतूनही मोजता येत होतं. इतका दमून उतरला असणार की कुठं उतरतोय हे त्यानं बघितलंच नसेल. तो उभा होता. चोच चिखलात नव्हती, पंखात नव्हती, पुढं सरळ धरलेली होती. बारकी बघत राहिली. तो हलला नाही. बाकीचे त्याच्याभोवती तेवढंच अंतर सोडून खात होते.

वरून ससाणा आला. सगळा चिखल एकदम उचलल्यासारखा थवा हवेत गेला आणि खाली तेवढा एक पक्षी उरला. ससाणा त्याच्यावर झेपावला. वाटेत, अगदी वाटेतच, त्यानं अंग वळवलं आणि दुसरीकडे निघून गेला. काहीतरी वेगळंच आठवल्यासारखा.

"हा अडकलाय," काका म्हणाले आणि बूट काढायला लागले.

"काका, नका जाऊ."

"अहो, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात हयात गेली माझी. तेवढं एकच धड येतं मला."

"पण काय आहे ते कळल्याशिवाय..."

"पक्षी आहे ताई. मूठभर पक्षी आहे."

शेडमागच्या दोन फळ्या एकीपुढं एक टाकत ते चिखलात उतरले. शेवटी फळ्याही संपल्या आणि ते पोटऱ्यांपर्यंत रुतत पुढं गेले. बारकी त्यांचे बूट हातात धरून काठावर उभी होती. त्यांनी खाली वाकून दोन्ही हातांनी पक्षी उचलला. पक्ष्यानं पंख मारले नाहीत. काका सरळ उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. तिच्याकडे पाठ करून.

आता वळतील, आता वळतील, म्हणत ती थांबली.

"काका!"

ती आणखी दोनदा ओरडली. तेव्हा त्यांनी खांदे हलवले, पाठीवरचं ओझं नीट बसवतात तसे, आणि हळूहळू परत आले.

काठावर येता येता त्यांच्या हातातला पाणटिवळा फडफडला, मोठ्यानं ओरडला आणि सुटला. सरळ थव्यात जाऊन उतरला आणि अधाशासारखा खायला लागला. थव्यानं त्याला आत घेतलं. चिखलावर आता कुठंच रिकामी जागा नव्हती. जिकडे तिकडे पक्षीच पक्षी.

"बघा," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. बारकीलाही बरं वाटलं. दोघं बसस्टॉपकडे चालायला लागली. थोडं पुढं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की काका रस्त्याच्या एका कडेनं चाललेत आणि आपण दुसऱ्या.

४

"माणसं बदलली हो," काही दिवसांनी काका म्हणाले. "काल बसमध्ये लोक उभे होते, पण माझ्या शेजारी कुणी बसेना. आधी वाटलं, अंगाला वास येतोय. दोनदा आंघोळ केली."

"वास नाही येत काका."

"न्हाव्याकडे गेलो. माझ्यानंतर आलेली चार डोकी झाली. मी म्हटलं, अरे माझा नंबर? तर म्हणतो, अरे हो काका, बसा ना. आणि पुन्हा दुसऱ्यालाच बोलावलं." ते हसले. "सूनबाई माझ्या खोलीतला केर काढत नाही हल्ली. वाईट नाही पोर. विसरते."

हे ते बाकाच्या एका टोकाला बसून सांगत होते. बारकी दुसऱ्या टोकाला बसली होती आणि मध्ये तिनं आपली पिशवी ठेवली होती. इतकी वर्षं पिशवी ती पायाशी ठेवायची. कधी बदललं हे?

तिनं ठरवलं, पिशवी उचलायची आणि सरकून काकांजवळ बसायचं. अगदी साधी गोष्ट. तिनं पिशवी उचलली आणि मग तिला वाटलं, पाण्याची बाटली आणली का आपण? तिनं बाटली बघितली. बाटली होती. मग दुकानातल्या एका काचेचा नंबर आठवला. मग उठून ती पाण्याकडे बघत उभी राहिली. आपण काय करणार होतो, हे तिला बसमध्ये बसल्यावर आठवलं. भीती वाटली नव्हती, किळस आली नव्हती. ओळखीचा शब्द जिभेवर यावा आणि निसटावा, तसं फक्त निसटलं होतं.

झोप, ती स्वतःला म्हणाली. झोप कमी पडते तुला बाई.

पुढं काका बोलेनासे झाले. दुर्बीण आणायचे, पण डोळा लावायचे नाहीत. उभे राहायचे. कधी कधी किंचित पुढं झुकायचे आणि हळूच सरळ व्हायचे. मागच्याचा तोल जाऊ नये म्हणून आपण गर्दीत करतो ना, तसं. मग एक दिवस ते आलेच नाहीत. शेडमध्ये एकटीनं बसताना बारकीला ऐसपैस वाटलं. आपल्याला काकांची आठवणच येत नाहीये, हे तिच्या ध्यानात आलं ते दादामुळे.

"तुझा तो लिफ्टवाला मेला का?" दादानं विचारलं. "त्याचं नावच काढत नाहीस."

५

काकांचं घर बसच्या शेवटच्या थांब्याजवळ होतं. दुपारची वेळ. सून घरी पडदे शिवून द्यायची. पुढच्या खोलीत कापडांचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले होते. बसायला खुर्चीसुद्धा रिकामी नव्हती. ती हडकुळी, चांगल्या चेहऱ्याची बाई होती. डोळ्यांखाली काळं.

"बाबा ना? असतील आत," ती म्हणाली. "या ना तुम्ही. पसारा आहे हं."

"बरे आहेत ना?"

"बरेच असतील." तिनं दोरा दातानं तोडला. "म्हणजे, बरेच आहेत."

"जेवतात ना नीट?"

"ताट ठेवते की मी वेळच्या वेळी."

मागच्या खोलीच्या दाराबाहेर एक ठोकळा होता आणि त्यावर झाकलेलं ताट. त्याच्यावर दुसरं झाकलेलं ताट. त्याच्यावर तिसरं. बारकीनं वरचं झाकण उचललं. अन्न वाळून त्याला तडे गेले होते.

"वहिनी," ती म्हणाली, "ही ताटं..."

सून तिच्यामागं येऊन उभी राहिली. ताटांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरसर गेलं, ओठ उघडले, हात पदराकडे गेला. मग ती म्हणाली, "मशीन चालू राहिलं वाटतं," आणि लगबगीनं पुढच्या खोलीत गेली. मशीन बंद होतं. पण लगेच सुरू झालं.

दार नुसतं लोटलेलं होतं. बारकीनं ढकललं.

घरभर पसारा आणि ही एक खोली अगदी मोकळी. खाट, कपाट, खुर्ची, सगळं हळूहळू भिंतीकडे सरकल्यासारखं. मधोमध काका उभे होते. तिच्याकडे पाठ, तोंड खिडकीकडे. पायजम्याच्या टोकाला चिखल सुकलेला. किती वाळले होते! पण उभे होते, जिवंत होते, श्वासानं खांदे वर-खाली होत होते.

सदरा पाठीवर सैल लोंबत होता. फक्त दोन खांद्यांच्या मध्ये, ओंजळीएवढ्या जागेत, तो आत दाबला गेला होता. कापडाला तिथं चुण्या पडल्या होत्या. कुणीतरी खूप दमून कपाळ टेकवावं, तशा.

"काका," ती म्हणाली.

"ताई का?" त्यांनी मान वळवली नाही. आवाज कोरडा, हळू. "मोठ्यानं बोलू नका. आत्ता कुठं डोळा लागलाय."

"कुणाचा?"

"फार दमलंय हो. कुठून चालत आलंय कुणास ठाऊक. खाली ठेवू म्हटलं तर ठेववत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "मला बसायचं होतं जरा."

६

उंबऱ्यावरून तिला आत जाता येईना. पाय पुढं टाकते म्हणायची आणि खिडकीची काच किती मळलीय हे बघत राहायची. मग दादाचं औषध आठवायचं. मग बसची वेळ. तीनदा ती मागं फिरली आणि तीनदा त्या ताटांमुळे पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तिला रडू आलं. हा माणूस असा उभ्या उभ्या वाळून जाईल आणि घरातलं कुणी रडणारही नाही, कारण कुणाला ते सुचणारच नाही.

बघितलं की सुटतं, हे तिला तेव्हा कळलं. मग बघायचंच नाही.

तिनं डोळे गच्च मिटले. हातानं भिंत धरली. मनात दुसरं काही येऊ नये म्हणून मोठमोठ्यानं म्हणत राहिली, "मी काकांना घ्यायला चाललेय, मी काकांना घ्यायला चाललेय," आणि भिंत सोडून चाचपडत पुढं गेली. बोटांना सदरा लागला. मग हाडकुळा दंड. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

काका हलेनात. तिनं पाय रोवले आणि दादाला खाटेवर वर सरकवताना लावायची तसा सगळ्या अंगाचा जोर लावला. काहीतरी सुटलं. काका तिच्या अंगावर आले, पोरासारखे हलके, आणि दोघं धडपडत दाराबाहेर पडली.

"पाणी द्या हो कुणीतरी," काका म्हणाले.

मशीन थांबलं. सून धावत आली आणि दारातच मटकन बसली. "बाबा! अहो, कुठं होता तुम्ही इतके दिवस?" तिनं त्यांचे पाय धरले आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. काका तिच्या डोक्यावर हात ठेवून इकडे तिकडे बघत होते. "ताई येणार होत्या का गं?" त्यांनी विचारलं. बारकी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

तिच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये कुणीतरी हलकेच कपाळ टेकवलं होतं. गार नव्हतं. फार जडही नव्हतं. पेंगुळलेलं मूल खांद्यावर मान टाकतं, तेवढंच.

७

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं.

बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहिली. दुकानात गिऱ्हाइकं दुसऱ्या टेबलाकडे गेली. मालकानं एकदाही आवाज दिला नाही. कित्येक वर्षांत कुणाला काही नको असलेला असा दिवस तिच्या वाट्याला आला नव्हता. ती कोपऱ्यात उभी राहिली. बसावंसं वाटत होतं, पण बसलं तर मागच्याची झोप मोडली असती.

संध्याकाळी घरी दादा हाका मारत होता.

"बारके! ए बारके!"

"आले."

"बारके! कुठं उलथली ही?"

ती त्याच्या खाटेपाशी उभी होती. तिनं चमचा त्याच्या तोंडाजवळ नेला. दादानं तोंड मिटून घेतलं आणि मान भिंतीकडे वळवली. रागानं नव्हे, सहज, भिंतीवर काहीतरी बघायचं असल्यासारखी. तिनं पाण्याचा पेला ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून उशीत गेलं. तो पुन्हा हाक मारायला लागला. रात्रभर मारत होता. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला. ओठांना भेगा पडल्या.

ती जलाशयावर गेली. आणलं तिथंच नेऊन सोडू, असं तिच्या मनात होतं. ती चिखलात उतरली तसे पक्षी बाजूला झाले. एकही उडाला नाही. तिनं पाठ झटकली, मागं हात नेले, विनवण्या केल्या. मागून नुसता संथ श्वास लागत होता मानेला. टिलवे तिला वळसा घालून पळत होते, आणि ऊन वर आलं तरी ती तिथंच उभी आहे, हे तिला पाय बधिर झाल्यावर समजलं. दादा आठवला नसता तर ती तिथंच उभी राहिली असती.

घरी आली तेव्हा दादा ग्लानीत होता. ती खाटेला टेकून उभी राहिली. त्याचा उजवा हात चादरीवर चाचपडत होता. रोज झोपेत तो तिचं मनगट शोधायचा; तीस वर्षं टॅक्सी चालवलेला तो हात, अजूनही पकडीला लोखंडासारखा. डोळे मिटलेलेच होते त्याचे. हात फिरत फिरत आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"बारके," तो पुटपुटला. "किती गं हाका मारायच्या."

"इथंच होते रे दादा."

"तुझ्यामागं कोण उभंय?"

"कुणी नाही."

"दमलेलं दिसतंय." दादानं डोळे उघडले नाहीत. "तुझ्यासारखंच. इकडे टेकव त्याला. मला कुठं जायचंय?"

"नको दादा. सोड. सोड म्हणते ना!"

तिनं हात सोडवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. दादानं एक हिसका देऊन तिला खाली ओढलं. ती त्याच्या छातीवर पडली. क्षणभर तिघं एकमेकांत अडकल्यासारखी झाली. मग तिची पाठ मोकळी झाली.

८

त्या दिवशी ती जमिनीवरच झोपली आणि उठली तेव्हा भूक लागलेली होती.

तिनं काकांना फोन करून सगळं सांगितलं. काकांना थोडं थोडं आठवत होतं. दोघांनी मिळून ठरवलं: दादाला भरवायच्या वेळी काकांनी रोज फोन करायचा आणि विचारायचं, "दादा जेवले का?" तिच्या ध्यानात राहिलं नाही तरी त्यांच्या राहील.

आठवडाभर ते चाललं. फोन आला की ती दादाच्या पथ्याच्या, कमी मिठाच्या सुपाची वाटी घ्यायची, डोळे मिटायची, "मी दादाला भरवायला चाललेय," म्हणत भिंत धरून जायची. चमचा पुढं करायची. दादा खायचा. कूस तेवढी बदलता येत नव्हती. तो कडेला सरकलेला असायचा आणि सरकायला जागा उरलेली नसायची. कधी कधी चमचा दादाच्या तोंडापर्यंत पोचायच्या आधीच रिकामा व्हायचा. हळूच, ओठांनी पुसून घेतल्यासारखा.

"त्यालाही भूक असतेच की," दादा म्हणायचा. "ओरडू नकोस त्याला."

एकदा तिचा पाय अडखळला आणि डोळे उघडले. दादा खाटेच्या अगदी काठावर होता. चादर त्याच्यावरून पलीकडे गेली होती आणि पलीकडे उंच होती. उशीवर त्याच्या खांद्याला लागून ओल्या गवतासारखं काहीतरी पसरलं होतं. केस असावेत. त्यांच्याखाली एक पापणी होती, मिटलेली, मोठी, आणि ती थरथरत होती. आता उघडेल अशी.

बारकी वळली. गॅसवर काहीतरी ठेवलंय असं तिला वाटलं. स्वयंपाकघरात गॅस बंद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा ती खिडकीशी उभी होती. बाहेर छान ऊन पडलं होतं.

"ताई," काका म्हणाले, "कशा आहात?"

"बरी आहे. तुम्ही?"

"मीही बरा. सूनबाईनं खोली झाडून दिली." ते थांबले. "तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं हो. रोज विचारतो बहुतेक."

"काय?"

घरात कुठंतरी खाट करकरली, शेजाऱ्यांची असावी.

"जेवलात का?" शेवटी काकांनी विचारलं.

"अजून नाही."

"हां. मग तेच असेल. जेवून घ्या."

तिनं फोन ठेवला. ओट्यावर वाटीभर सूप निवत होतं. मऊ, गाळलेलं, सोबत चमचा. आपणच केलं असणार. वाया कशाला घालवायचं म्हणून तिनं ते उभ्या उभ्याच पिऊन टाकलं. चांगलं झालं होतं. मीठ तेवढं अगदीच कमी होतं, आणि ते आपण इतकं कमी का घातलं, हे काही केल्या तिला आठवेना.